नजरकैदेतले ढोल आणि एक तटस्थ आयरिश

तटस्थ माणसांबद्दल माझं मत कॉलेजातच पक्कं झालं होतं. पुण्यात आमच्या विद्यार्थी संघटनेसाठी मी पत्रकं लिहायचे. फीवाढ असो, मेसच्या पोळ्या असोत, वसतिगृहातली मांजरं असोत, शेवटचं वाक्य ठरलेलं: जो आज गप्प आहे, तो त्यांच्या बाजूने आहे. 'ते' कोण, हे प्रत्येक वेळी बदलायचं. वाक्य बदलायचं नाही. नोकरीसाठी जपानला आले तीही हेच वाक्य घेऊन.

टोकियोतल्या निशी-कसाईत मी ताई आणि भावजींकडे राहत होते. दोन खोल्या, एक गॅलरी आणि गॅलरीत वाळत घालायचे तिघांचे कपडे. भावजी एका जपानी क्लायंटचं सॉफ्टवेअर सांभाळायचे. मी टेस्टिंगमध्ये होते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांना कळवायच्या, आणि त्याचा पगार. ताई एका बालवाडीत बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, करायची, पण तुम्ही काय करता असं कोणी विचारलं तर ती सांगायची, मी ताशा वाजवते.

आमचं ढोल-ताशा पथक अराकावा नदीच्या काठी पुलाखाली सराव करायचं. एका रविवारी समोरच्या इमारतींच्या रहिवासी मंडळाची माणसं आली. त्यांनी आधी मिठाईचा खोका दिला, मग आमच्या वादनाचं कौतुक केलं, मग वाकून माफी मागितली आणि मग विचारलं की आवाज थोडा कमी करता येईल का. जपानमध्ये तक्रार करणारा मिठाई घेऊन आला की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

तोडगा भावजींनी काढला. ढोलाच्या पानावर टॉवेल ताणून बांधायचा. त्याने 'धम'चा 'धप' होतो. अर्ध्या पथकाला हे पटलं. उरलेल्या अर्ध्यांना वाटलं, ढोलाला टॉवेल बांधणं म्हणजे वाघाला मोजे घालणं. मी त्याच आठवड्यात पत्रक काढलं, 'ढोलाचा गळा कोण आवळतंय?' आणि पथक रीतसर फुटलं. टॉवेलवाले आणि बिनटॉवेलवाले. टॉवेलवाल्यांचे नेते भावजी. बिनटॉवेलवाल्यांची प्रचारप्रमुख मी. दोघेही एकाच बाथरूमच्या रांगेत.

"मी कोणाच्याच बाजूला नाही," ताई पोहे परतता परतता म्हणाली.

"मग तू त्यांच्या बाजूला आहेस," मी म्हटलं.

"ऐकलंस ना, माझ्या बाजूला आहे ती," भावजी म्हणाले.

"पोहे कोणाला वाढायचे आणि कोणाला नाही, हे ठरवतेय मी. दोघांनीही जपून बोला."

ताईचं गप्प बसणं साधं नव्हतं. पथकात धड ताशा एकटी तीच वाजवायची. ढोलवाले कितीही जोरात बडवोत, हात, म्हणजे ठेका, कधी बदलायचा, कुठे थांबायचं, हे ताशा सांगतो. आणि त्या वर्षी भावजींचा क्लायंट बदलला होता. गणपती झाले की दोघं नागोयाला जाणार होते, एका गाड्यांच्या कारखान्याच्या कामावर. नागोयात ताईने सगळीकडे विचारून पाहिलं. इंजिनिअर भरपूर, ढोल एकही नाही.

"या विसर्जनाला मला एकदा नीट वाजवायचंय," ती म्हणाली. "सगळ्या ढोलांसमोर. अर्ध्या नाही. अर्ध्यांसमोर मी उभी राहणार नाही, मग ते अर्धे कुठलेही असोत."

मी तिला समजावलं की अशाने अन्यायाचं फावतं. तिने माझ्या पोह्यांवर खोबरं घातलं नाही.

आता ढोलांविषयी. ढोल निशी-कसाईतल्या कुठल्याच फ्लॅटमध्ये मावत नाही. कॉरिडॉरमध्ये ठेवला तर इमारतीच्या मॅनेजरची चिठ्ठी येते, आणि गॅलरीत ठेवला तर कपडे आत येतात. म्हणून पथकाचे सगळे ढोल जवळच्याच फुनाबोरी भागात एका बंद पडलेल्या तातामीच्या दुकानाच्या गोदामात असायचे. जपानी घरात जमिनीवर घालतात त्या चटया पूर्वी तिथे विणत. दुकानदाराची मुलगी आणि तिचा आयरिश नवरा आता वरच्या मजल्यावर इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालवायचे. त्याला सगळे सेन्सेई म्हणत, म्हणजे गुरुजी, आणि तिला ओकुसान, म्हणजे बाईसाहेब. सेन्सेई साठीच्या पुढचे, उंच, आणि जपानमध्ये इतकी वर्षं काढलेले की फोनवर बोलतानाही वाकत. मराठीतले त्यांना दोनच शब्द येत, 'शाब्बास' आणि 'हळू'. दोन्ही आमच्या सरावात कानावर पडलेले. वापरायचे बहुतेक दुसराच.

पथक फुटल्यावर दोन्ही बाजू आळीपाळीने त्यांच्याकडे गेल्या. ढोल फक्त आम्हाला द्या. सेन्सेईंनी दोघांनाही चहा पाजला आणि दोघांनाही सांगितलं की मी तटस्थ आहे, आम्हा आयरिश लोकांच्या रक्तातच आहे ते. मला हे कळल्यावर मी सरळ फुनाबोरी गाठलं. जाब विचारायला.

"सेन्सेई, जग जळत असताना तुमचा देश महायुद्धात गप्प बसला. याचा तुम्हाला अभिमान वाटतो?"

"युद्ध?" ते म्हणाले. "आमच्याकडे युद्ध झालंच नाही, इमोतो-सान." इमोतो म्हणजे धाकटी बहीण, सान म्हणजे आपलं 'जी'. ताईला ते ताई-सान म्हणायचे आणि भावजींना भावजी-सान, ही त्यांची नावंच आहेत अशा समजुतीने. "सरकारने त्याचं नाव ठेवलं होतं आणीबाणी. सगळ्या जगात महायुद्ध, आमच्याकडे आणीबाणी."

"आमच्या घरी आणीबाणी म्हणजे आजोबा तुरुंगात होते."

"अरेरे. आमच्या घरी आणीबाणी म्हणजे चहा मिळत नव्हता. आजी शेवटपर्यंत त्याबद्दल बोलायची. उकळलेली पत्ती वाळवून पुन्हा उकळायची, आणि ती चव..." त्यांना खरोखरच शहारा आला.

मी म्हटलं, लाखो माणसं मरत होती आणि तुमच्या आजीला चहाचं पडलं होतं. ते म्हणाले, आजीला दोन्हींचं पडलं होतं, पण चहाबद्दल तिला काहीतरी करता येत होतं. वर त्यांनी मला हेही सांगितलं की किनाऱ्यावरच्या कड्यांवर दगडांना चुना लावून देशाचं नाव प्रचंड मोठ्या अक्षरांत मांडलं होतं, म्हणजे वरून जाणाऱ्या विमानांना कळावं, ही तटस्थ जमीन आहे, कृपया दुसरीकडे लढा. ही कल्पना त्यांना इतकी आवडायची की दुसऱ्या दिवशी त्यांनी गोदामासमोर खडूने भलंमोठं 'तटस्थ' लिहिलं, इंग्रजीत आणि जपानीत. ओकुसानने ते संध्याकाळी पाण्याने धुऊन काढलं. रस्ता सगळ्यांचा आहे, असं तिचं म्हणणं पडलं.

अशा माणसाला मोकळं सोडणं शक्य नव्हतं. मी इंग्रजीत पत्रक लिहिलं, 'कणाहीनांचा निषेध', आणि त्यांच्या वर्गाच्या दारावर चिकटवलं. सेन्सेईंनी ते काढलं, त्याच्या प्रती केल्या आणि त्या दिवशीच्या वर्गात वाचनाला घेतलं. त्यांच्या विद्यार्थिनी म्हणजे निवृत्त आज्या. एकेक परिच्छेद एकेकीने खड्या आवाजात वाचला. एकीने हात वर करून विचारलं, कणाहीन म्हणजे काय. सेन्सेईंनी खुर्चीवरून हळूहळू घरंगळत जमिनीवर येऊन दाखवलं. आज्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनी करून पाहिलं. पत्रक मला परत मिळालं तेव्हा त्यावर लाल शाईत लिहिलं होतं, 'तळमळ उत्तम. वाक्यं लांब.'

पुढच्या रविवारी दोन्ही बाजू एकाच वेळी गोदामाच्या दारात आल्या. ओकुसानने दारालगत उमेबोशी वाळत घातल्या होत्या. ती त्यांची खारवलेली आंबट फळं, आपण लोणच्याच्या फोडी घालतो तशी सुपांत पसरलेली. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. एका ढोलाला आमचा एक माणूस आणि त्यांचा एक माणूस, दोघांनी एकदम हात घातला.

"हा आमचा आहे."

"याच्या पानाला टॉवेलचे धागे लागलेत. म्हणजे आमचा."

"धागे झटकले की आमचा."

"झटकून दाखव."

"सोड म्हणजे झटकतो."

दोघंही सॉफ्टवेअरवाले. ऑफिसात एकमेकांना 'कृपया आपल्या सवडीने' अशा मेल पाठवणारे. ढोल इकडे गेला, तिकडे गेला, मग सरकत्या दारावर आदळला. दार खाचेतून निघालं आणि सावकाश, एखादा म्हातारा माणूस आडवा व्हावा तसं, उमेबोशींच्या सुपांवर जाऊन पडलं.

ओकुसान बाहेर आली.  तिने दाराकडे पाहिलं, सुपांकडे पाहिलं, आणि आमच्या सगळ्यांच्या बुटांकडे पाहिलं. मी पोलीस पाहिलेत, कुलगुरू पाहिलेत. त्या नजरेसारखं काही पाहिलेलं नाही.

सेन्सेईंना मात्र त्या दिवशी जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटत असावं. ते पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं की ढोल नजरकैदेत आहेत. आयर्लंडमध्ये दोन्हीकडची विमानं पडायची, आणि जे वैमानिक जिवंत सापडत त्यांना एकाच छावणीत ठेवत. मध्ये कुंपण, अलीकडे हे, पलीकडे ते. पण शब्द दिला की संध्याकाळी गावात जायला मोकळे. सिनेमा बघा, नाचा, आणि परत या. तोच नियम इथे. शांतता होईपर्यंत सगळे ढोल आत. प्रत्येक बाजूला एका वेळी एक ढोल बाहेर नेता येईल, परत आणण्याचा शब्द देऊन. रात्रीच्या जेवणाआधी.

"शब्द कोणी द्यायचा?" भावजींनी विचारलं.

"ढोल तर देऊ शकत नाही," सेन्सेई म्हणाले.

ओकुसानने गोदामात कपड्यांची दोरी बांधून मध्ये चादर टाकली. अलीकडे टॉवेलचे ढोल, पलीकडे बिनटॉवेलचे.

त्यानंतरचा आमचा सराव बघण्यासारखा होता. एक जण ढोल वाजवायचा, बाकीचे रांगेत उभे राहून स्वतःच्या मांड्या बडवायचे. रोज सकाळी पळायला येणारे एक जपानी आजोबा थांबले, हा कुठला व्यायाम म्हणून विचारलं आणि आमच्या रांगेत उभे राहिले. ते आमच्यातल्या अर्ध्याजणांपेक्षा तालात होते. काठावर थोडं पुढे टॉवेलवाल्यांचं तेच चाललेलं, फक्त त्यांनी मांड्यांवर टॉवेल घेतले होते. ताशा दोघांकडेही नव्हता. आमच्या गटाचे प्रमुख तोंडानेच 'तर्रर्र' करायचे. त्यांना दम लागला की ढोलवाल्याला वाटायचं, हात बदलायची खूण झाली.

ताई रविवारी घरीच असायची. नागोयाचे खोके भरत.

आता मुख्य प्रकरण. एका बुधवारी ऑफिस सुटल्यावर मी नवं पत्रक चिकटवायला फुनाबोरीला गेले. गोदामाचं दार त्या दिवसापासून नीट बसत नव्हतं, बाजूला फट राहायची. आतून आवाज येत होता. दबका नाही. खणखणीत, मोकळा, पोटात घुमणारा 'धम'. आणि त्यावर ताशा, असा की मी ऐकूनच ओळखला.

मी फटीतून पाहिलं. चादर एका बाजूला सारलेली. मध्ये ताई, गळ्यात ताशा. तिच्यासमोर कमरेला ढोल बांधून, डोळे मिटून, भावजी. ढोलावर टॉवेल नाही. टॉवेलवाल्यांचा नेता बिनटॉवेलचा वाजवत होता, आणि काय वाजवत होता. सेन्सेई बिस्किटांच्या डब्यावर काठी मारत होते, आणि ओकुसान पथकाचा पितळी टोल वाजवत होती, काटेकोर, चेहऱ्यावर एक रेषा न हलवता. भावजींचा टॉवेल दाराजवळच्या खुंटीला, छत्रीशेजारी टांगलेला. दर बुधवारी या माणसाचा क्लायंटशी कॉल असायचा.

मी दार ओढलं. ते माझ्या हातात आलं. ते धरूनच मला बोलावं लागलं.

"लाज वाटत नाही? तिकडे तुमची माणसं मांड्या बडवतायत."

भावजींनी डोळे उघडले. "अगं, एक हात तरी पुरा होऊ द्यायचास."

"आणि सेन्सेई, हीच का तुमची तटस्थता? नजरकैदेतले ढोल वाजवू देता?"

"ढोल कुठे बाहेर गेलेत?" सेन्सेई म्हणाले. मग त्यांनी माझ्या हातातलं दार घेतलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. "माझ्या आजीचे दोन भाऊ होते, इमोतो-सान. एक आमच्या तटस्थ सैन्यात. दुसरा ब्रिटिशांकडून जर्मनांशी लढायला गेलेला. तो सुट्टीवर निघाला की बंदरावर गणवेश उतरवायचा, साधे कपडे घालायचा आणि मग घरी यायला बोटीत बसायचा. परक्या सैन्याचा गणवेश तटस्थ देशात चालत नव्हता. तुमचे भावजी-सान टॉवेल खुंटीला लावतात."

"हे ढोंग आहे."

"आहेच. पण दोघंही भाऊ एका टेबलावर जेवायचे."

"मी हे छापणार."

ताई इतका वेळ काड्या हातात धरून उभी होती. "तू हे छापणार नाहीस."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, ताई."

"तत्त्वाचा नाही, माझा आहे. मला सगळे ढोल मिळत नाहीत, म्हणून मी एक घेतलाय. नवऱ्याचा. तुला काय त्रास आहे त्याचा?"

मला त्रास हा होता की लोकांना खरं माहीत नव्हतं. मी कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानात गेले, तिथल्या झेरॉक्स मशीनवर प्रती काढल्या. मथळा: 'टॉवेलवाल्यांचा नेता बिनटॉवेल सापडला.' निशी-कसाई स्टेशनबाहेर वाटल्या आणि दोन्ही गटांच्या ग्रुपवर फोटो टाकला. मला वाटलं होतं, टॉवेलवाले कोसळतील आणि सत्याचा विजय होईल.

टॉवेलवाल्यांनी भावजींना काढलं, हे अपेक्षेप्रमाणे. पण आमच्या प्रमुखांनीही ठराव केला. ताईने शत्रुपक्षाच्या नेत्यासोबत सराव केला, सबब तिचा ताशा आम्हालाही नको. हे माझ्या हिशोबात नव्हतं. मी त्यांना म्हटलं, अहो, ती नवऱ्यासोबत वाजवत होती. ते म्हणाले, पत्रकात तूच लिहिलंयस, नातं बघून सूट नाही.

लिहिलं होतं. चांगलं वाक्य होतं ते.

ताईने ताशाला खोळ घातली, नागोयाच्या खोक्यांत नेऊन ठेवला आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. काही हवं असेल तर भावजींना सांगायची. "तिला सांग, भात लावलाय." मी हातभर अंतरावर बसलेली असायचे. भावजी निरोप पोचवायचे, दोन्हीकडचे, एकही शब्द न बदलता. त्यांनी मला एकदाही टोमणा मारला नाही, हे मला जास्त लागलं.

विसर्जनाच्या आदल्या शनिवारी दाराची बेल वाजली. बिनटॉवेलवाल्यांचं शिष्टमंडळ. चहा टाकतोय तोवर पुन्हा बेल. टॉवेलवाल्यांचं. दाराशी बुटांचा डोंगर, आत एका सोफ्यावर आणि खोक्यांवर दोन्ही सैन्यं, गुडघ्याला गुडघे लागलेले. दोघांचंही रडगाणं एकच. ताशाशिवाय ढोल धावत सुटतात, नाहीतर झोपतात. सगळे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते, आणि ताई आतून बाहेर येत नव्हती.

"तुमचा ठराव होता ना?" टॉवेलवाल्यांपैकी एक म्हणाला.

"तुम्ही तर नेताच काढलात."

"आम्ही नसता काढला. ते पत्रक आलं म्हणून."

"आमचंही तेच. ते पत्रक."

 मग हळूहळू सगळी खोली माझ्याकडे वळली.

"आणि गळा आवळण्याचं ते पहिलं पत्रक?" कोणीतरी विचारलं. "तेही हिचंच ना?"

उन्हाळाभर एका टॉवेलवर एकमत न झालेल्या माणसांचं पाच मिनिटांत पूर्ण एकमत झालं. सगळ्याला मी जबाबदार. मी म्हटलं, भांडण टॉवेलने लावलं, मी फक्त नोंद केली. कोणी ऐकेना. एकमेकांना दुजोरे देत होते, वाक्यं पूर्ण करत होते, एकाने तर शत्रूच्या पाठीवर थाप मारली. मी भावजींकडे पाहिलं. ते चहा ढवळत राहिले. त्यात साखर घातलेलीच नव्हती.

तेव्हा ताई बाहेर आली, ओले हात पुसत. "ज्याला टॉवेल बांधायचाय त्याने बांधा. नको त्याने बांधू नका. ढोल सगळे एका रांगेत आणि हात एकच, मी देईन तो. चालणार असेल तर चहा घ्या."

सगळ्यांनी चहा घेतला. शांतता झाल्याचं भावजींनी फुनाबोरीला फोनवर कळवलं. सेन्सेईंना रीतसर करार हवा होता. ओकुसानने तोवर दोरी सोडलीही होती, तिला चादर धुवायची होती.

विसर्जन वॉर्डाच्या सभागृहामागच्या मैदानात झालं. आमची मिरवणूक म्हणजे त्या मैदानाला घातलेल्या फेऱ्या, आणि नदी म्हणजे लहान मुलांचं हवा भरायचं, बदकांची चित्रं असलेलं टाकं, आणि त्याच्या कडेला पाटावर गणपतीची मूर्ती. रहिवासी मंडळ घडीच्या खुर्च्या आणि मिठाई घेऊन आलं होतं. सेन्सेई मैदानाच्या पांढऱ्या रेषेबाहेर उभे राहिले. आत यायला त्यांनी नकार दिला, तटस्थ म्हणून, आणि रेषेबाहेर त्यांचा पाय ताल धरत होता. ओकुसान टोल घेऊन पहिल्या रांगेत होती. मला सगळ्यांनी मिळून काम दिलं होतं, टाक्यात पाणी भरायचं. बोलायचं नाही, फक्त नळी धरायची.

ताईने ताशावर काड्या टेकवल्या आणि सगळे ढोल एकदम आले. धम-धप, धम-धप. असा आवाज कुठल्याच पथकाचा नसेल. जणू एखादा अजस्र प्राणी एका पायात बूट आणि एका पायात सपाता घालून चाललाय. भावजींच्या ढोलावर टॉवेल होता. रहिवासी मंडळाला त्यांनी शब्द दिला होता. ताई त्यांच्यासमोर उलटी चालत होती, पाठीमागे न बघता, आणि हात बदलायची वेळ आली की रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेका ढोलाकडे पाहायची. कोणालाही वगळत नव्हती. एक फेरी, अजून एक फेरी. थांबायची खूण करायलाच ती तयार नव्हती. मांड्या बडवून तयार झालेले इंजिनिअर लालेलाल झाले, पण एकही खाली बसला नाही. टाकं भरून पाणी बदकांवरून वाहायला लागलं तरी मी नळी तशीच धरून उभी.

शेवटी ती थांबली. गळ्यातला ताशा न काढता सरळ माझ्याकडे आली.

"पाणी," ती म्हणाली.

"बाटली नाहीये. नळीच आहे."

तिने नळी तोंडाला लावली आणि खूप वेळ पाणी प्यायली. मग तोंड पुसलं.

"नागोयाला येशील ना?"

"येईन."

"पत्रकं आणायची नाहीत."

"तिकडे काही अन्याय होत असेल तर?"

"तर मला फोनवर सांग. मी ऐकेन." तिने नळी माझ्या हातात परत दिली. "आता ते पाणी बंद कर, मूर्ती वाहून जाईल."